पाण्यावरची हजेरी

“अंजिरा, तू उतर गं खाली,” हौसामावशी म्हणाली.

मी होडीच्या पार पुढच्या टोकाला, माझ्या ठरलेल्या जागी बसले होते. धुकं इतकं दाट होतं की मावशीचा आवाज आधी आला आणि तोंड मागून दिसलं. मला वाटलं, फळी पुसायची असेल. मी उठले, दप्तर सांभाळत काठावर उडी मारली आणि उभी राहिले. मावशीनं दावं सोडलं.

“मावशी, मी ऱ्हायले की.”

“तुजा कागद न्हाई आला, बाय. गुरुजीनं बजावलंय. कागद न्हाई ते प्वार होडीत न्हाई.”

माझ्याकडं न बघता तिनं वल्हं पाण्यात घातलं. दोन हात लांब जाईपर्यंत होडी दिसली, मग नुसतं वल्ह्याचं पाणी वाजत राहिलं. तेवढ्यात आतून तिची नेहमीची हाक आली.

“भिवा?”

“हाय.”

“सुली?”

“हाय.”

“हिंदूराव?”

“हाय.”

“बाजा?”

“हाय.”

बाजाच्या नंतर माझं नाव असायचं. मावशीच्या तोंडून ते सवयीनं निघालंही असेल, पण अर्ध्यात गिळल्यासारखं झालं. मी काठावरून, घसा फाटेस्तोवर ओरडले, “हाय!” धुक्यातून कुणीच काही बोललं नाही. मला इतकं रडू आलं की मी तिथंच ओल्या गवतात बसले.

आमचं उंबरमाळ धरणाच्या फुगवट्याच्या डोंगराकडच्या अंगाला. मूळ गाव खाली होतं, ते पाण्यात गेलं. ज्यांना सरकारनं लांब जमीन दिली ते तिकडं गेले. ज्यांना लांब जाववेना ते डोंगर चार हात वर चढून राहिले. शाळा समोरच्या काठाला, सडकेजवळ. मधे पाणी. त्या पाण्याखाली देऊळ होतं, पिंपळाचा पार होता, आणि आमचे दादा, म्हणजे माझे वडील, ज्या शाळेत तिसरीपर्यंत शिकले ती शाळाही होती. होडी मध्यावर आली की आमच्याकडं पायात कुणी काही ठेवत नसे. खाली देव होता ना. आम्ही पोरं तर अनवाणीच असायचो, तरी मध्य आला की पाय जवळ ओढून घ्यायचो. मी वाकून पाण्यात बघायचे. मला नक्की ठाऊक होतं की खालच्या शाळेत अजून पोरं बसतात आणि आपल्या होडीची सावली वरून गेली की ती मान वर करून बघतात.

होडी वाडीची होती आणि तिची पाळी असायची. आज एका घरची, उद्या दुसऱ्या. ज्याची पाळी तो पोरांना सकाळी पोचवणार, संध्याकाळी आणणार, आणि त्या दिवसापुरता सगळ्या पोरांचा बापही तोच. कुणी मस्ती केली तर कान पिळायचा हक्क त्याचा, कुणाच्या पायात काटा मोडला तर काढायचं काम त्याचं. “ज्याच्या हातात वल्हं त्याची प्वारं,” असं म्हणायचे. धुकं असलं की वल्हवणारा एकेकाचं नाव घेई आणि आम्ही हाय म्हणत असू. पलीकडं गुरुजी दारात टांगलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारत राहायचे, त्या आवाजाच्या रोखानं होडी जायची. शाळेत गुरुजी पुन्हा हजेरी घेत, पण ती आम्हाला शिळी वाटायची. खरी हजेरी पाण्यावरची.

पाळी आमच्या घरालाही यायची. मात्र ती करायचे जोतीतात्या, हिंदूरावचे आजोबा. माझे दादा होडीत कधीच बसत नव्हते. गंमत म्हणजे होडी जपायची ती त्यांनीच. पावसाळ्याआधी डांबर फासायचं, फटीत काथ्या कोंबायचा, ऐनाच्या लाकडाची वल्ही तासायची. उंबरमाळच्या प्रत्येक हाताला पडलेले घट्टे दादांच्या वल्ह्याचे होते, आणि दादांच्या हाताला नव्हते. बाजाराला जायचं तर ते फुगवट्याच्या शेपटीला वळसा घालून डोंगरानं चालत जायचे. लोक त्यांना हसत नसत. का हसत नाहीत, हे मी कधी विचारलं नव्हतं. पोराला आपल्या घरातलं सगळंच रीतीचं वाटतं.

आता हा कागद. दुसऱ्या कुठल्या तरी धरणात पोरांची होडी उलटली होती म्हणे, आणि वरून हुकूम निघाला होता की पाण्यातून येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकानं हमीपत्र द्यावं. गुरुजींनी कागद जोतीतात्यांकडं दिले आणि सांगितलं, पालकांचे अंगठे घेऊन ठेवा. तात्यांनी चावडी भरवली. पालक म्हणजे कोण, असं कुणीतरी विचारलं. तात्या म्हणाले, “पोरं न्हेतो आणतो त्यो.” मग काय, पाळी सगळ्यांचीच. सगळ्यांनी सगळ्यांच्या कागदावर अंगठे उठवले. शाई संपली तेव्हा चुलीतली काजळी तेलात कालवली. कागद परत गेले तेव्हा गुरुजींनी कपाळाला हात लावला.

“अरे, एकेका पोराला इतके आईबाप कायद्याला चालत नाहीत!”

पण गुरुजी मायाळू. ज्या कागदावरच्या गर्दीत खऱ्या बापाचा किंवा आईचा अंगठा सापडला, ते त्यांनी चालवून घेतले. माझ्या कागदावर सगळ्या वाडीचे अंगठे होते. दादांचा तेवढा नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या होडीनं गुरुजी स्वतः आले. दादा अंगणात वल्हं तासत बसले होते. गुरुजींना घोंगडी टाकली, मी चहा ठेवला आणि दाराआड उभी राहिले.

“गेनूभाऊ, कायदा काही मी केलेला नाही,” गुरुजी म्हणाले.

“तुमी केला आसं मी कुटं म्हंतो.”

“मुलाला शाळेत धाडणं बापावर बंधन आहे. नाही धाडलं तर नोटीस येते, दंड होतो. आणि वाटेत पाणी असेल तर पाण्यावरची जबाबदारीही बापाचीच. उद्या पोराला काही झालं, दवाखाना लागला, होडीचं काही मोडलं, तर खर्च बापाचा. शाळा फक्त शाळेच्या उंबऱ्याच्या आत.”

दादांनी वल्ह्यावरून हात फिरवला. “म्हंजी धाडली न्हाई तरी मी, अन् धाडली तरी मीच.”

“अगदी तसंच.”

“मग कायदा बरुबर हाय,” दादा म्हणाले. “माजा अंगठाच उठत न्हाई.”

गुरुजी घोंगडीवर पुढं सरकले. “अहो, काल-परवापर्यंत पोरगी रोज होडीत बसतच होती की.”

“तवा कुणी इचारलं न्हवतं.”

हे ऐकून गुरुजींना हसावं की चिडावं ते कळेना. मला मात्र ते पटलं. दादा रोज सकाळी होडी सुटली की वरच्या खडकावर जाऊन उभे राहायचे आणि होडी पोचून रिकामी परत आल्याशिवाय भाकरीला हात लावायचे नाहीत. हे त्यांचं कुणी लिहून घेतलेलं नव्हतं, म्हणून त्यांना ते जमत होतं.

“सोमवारी साहेब येणार आहेत तपासणीला,” गुरुजी उठताना म्हणाले. “तोपर्यंत कागद झाला नाही, तर मला पटावरून तिचं नाव कमी करावं लागेल. हुशार पोरगी आहे, भाऊ. माझ्या हातानं रेघ मारायला लावू नका.”

त्या रात्री दादा जेवताना एवढंच म्हणाले, “उद्या लवकर ऊठ. मी सोता न्हेतो तुला. पायानं.”

शनिवारी उजाडायच्या आत आम्ही निघालो. फुगवट्याची शेपटी लांब डोंगरात शिरली होती. तिला वळसा घालून पलीकडच्या अंगानं परत यायचं. दादांनी पाठीवर माझं दप्तर घेतलं होतं. त्यांच्या रुंद पाठीवर ते फार लहान दिसत होतं आणि मला त्याचं हसू येत होतं. मी त्यांच्याबरोबर इतकी कधी चालले नव्हते. धुकं खाली पाण्यावर पसरलं होतं आणि आम्ही त्याच्या वरून चाललो होतो, अगदी ढगावरून चालावं तसं. दादा मधेच थांबून खाली बोट दाखवायचे. “हितं आपलं खळं हुतं.” “हितनं शाळंला जायची वाट.” मला तिथं नुसतं पांढरं दिसायचं, पण दादांनी दाखवल्यावर खळंही दिसायला लागलं, बैलही दिसले, पाटी घेऊन पळणारे लहानगे दादाही दिसले.

“दादा, आई त्या शाळंत हुती?”

“न्हाई. ती वरच्या वाडीची.” मग बऱ्याच वेळानं म्हणाले, “पर आमच्या शाळंच्या हिरीला पाण्याला यायची.”

शाळेपाशी पोचलो तेव्हा दाराला कुलूप होतं. शनिवारची शाळा सकाळची, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. उत्साहात मी आणि काळजीत ते. पोरं केव्हाच होडीनं घरी गेली होती. दादा पायरीवर बसले. कुलपाकडं बघत त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी मला दिली. समोर पाणी, आणि पाण्यापलीकडं आमची वाडी. धुकं विरलं होतं. आमच्या घराचा धूरसुद्धा ओळखू येत होता. मावशीनं आमची चूल पेटवली असणार.

“हितनं आपलं घर किती जवळ दिसतं गं,” दादा म्हणाले. ते त्यांनी इतक्या वर्षांत बघितलंच नव्हतं. या काठावर ते किती वर्षांनी बसले होते कोण जाणे.

“होडीनं तर लगीच हाय,” मी म्हणाले.

भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. आम्ही आलो त्या वाटेनं परत निघालो आणि दिवस मावळल्यावर घरी पोचलो. माझे पाय सुजले होते. दादांनी कोमट पाणी आणून ते शेकले आणि शेकता शेकता खाली मान घालून म्हणाले, “रोज न्हाई व्हायचं गं हे.” त्यांच्या आवाजात इतकी हार होती की मला माझ्या शाळेचाच राग आला.

रविवारी मावशी पाण्यावर धुणं धूत होती. हौसामावशी माझ्या आईची थोरली बहीण, आमच्याच वाडीत दिलेली. माझी वेणी तीच घालायची, माझ्या उवाही तीच मारायची. मी तिच्याजवळच्या दगडावर बसले आणि विचारलं, “मावशी, दादा अंगठा का देत न्हाईत?”

तिनं हातातलं लुगडं दगडावर आपटायचं थांबवलं. मला वाटलं, ती मला रागावणार. तिनं लुगडं पिळलं, बाजूला ठेवलं, आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

“तू रांगत हुतीस. तुज्या पाठीवर तुला भाव यायचा हुता. तुज्या आयला, गोदीला, कळा लागल्या अन् मूल आडवं आलं. दवाखान्यात न्ह्यायचं म्हणून गेनूबानं होडी काढली. मी मदी बसले, गोदीचं डोस्कं मांडीवर घेऊन. धुई अशी पडलेली की माजा हात मला दिसंना. ऐतवार हुता. गुरुजी गावाला गेल्याले, घंटा कोण वाजवणार? तरी गेनूबा वल्हवत हुता. आन् वल्हवता वल्हवता हाक मारायचा, ‘गोदे?’ ती म्हनायची, ‘हाय.’ पुन्ना जरा जायचं, पुन्ना ‘गोदे?’ अन् ती म्हनायची, ‘हाय.’”

मावशीनं पाण्याकडं बघितलं. पाणी अगदी गप्प होतं.

“मग एका हाकंला ती बोलली न्हाई. त्यानं आणखी हाका मारल्या. मग त्याचं वल्हं थांबलं.”

“मग तू वल्हवायचं हुतंस.”

“माज्या मांडीवर ती हुती न्हवं.”

एक बगळा येऊन पाण्याच्या कडेला उभा राहिला आणि उडून गेला.

“होडी आपली आपण फिरत ऱ्हायली,” मावशी म्हणाली. “धुई उठली तवा आपल्याच काठाला टेकली हुती. तवापास्नं त्यानं वल्ह्याला हात लावला न्हाई. लावतो, तासायला. आन् तवापास्नंच मी ही चाल पाडली, पाण्यावर कुणी गप बसायचं न्हाई. नाव घेतलं की हाय म्हनायचं.”

मी तोवर समजत होते की ती हजेरी देवानं जगाबरोबरच केली असेल.

सोमवारी पुन्हा तसंच धुकं. पाळी आमच्या घरची, म्हणजे जोतीतात्यांची. मला होडीत बसता येणार नव्हतं, तरी मी दप्तर घेऊन काठावर गेले, घरात बसवेना. पोरं होडीत बसली होती. वल्हं फळीवर आडवं पडलं होतं आणि काठावर अख्खी वाडी उभी होती. तात्या एका दगडावर बसून तंबाखू मळत होते.

“गेनूबा,” मावशीनं वर खडकाकडं तोंड करून हाक मारली, “खाली या. आज पाळी तुमच्या घरची हाय.”

दादा खाली आले. त्यांनी तात्यांकडं बघितलं. “तात्या?”

“माजा खांदा आज उठत न्हाई,” तात्या म्हणाले आणि त्याच खांद्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

“मग हौसाबाई, तुमी…”

“माजी म्हस अडलीया.”

मावशीची म्हैस तिच्या मागंच उभी राहून आरामात गवत खात होती. दादांनी एकेकाकडं बघितलं. कुणाच्या पाठीत उसण भरली होती, कुणाला पाव्हणे यायचे होते. माणसं धडधडीत खोटं बोलत होती आणि कुणाचीच मान खाली नव्हती.

“मग आज शाळा ऱ्हाऊ द्या,” दादा म्हणाले.

“साहेब यायचाय. आज न्हाई गेली तर समद्यांचीच नावं कटतील,” मावशी म्हणाली.

पलीकडून रुळाचा आवाज यायला लागला. धुक्यातून तो फार लांबून, पाण्याच्या खालूनच आल्यासारखा वाटत होता. दादांनी तिकडं कान दिला. मग ते मावशीजवळ गेले आणि हळू आवाजात, पण मी जवळच होते म्हणून मला ऐकू आलं, म्हणाले, “तुमची दोगं हायेत त्यात.”

“व्हय. सुली हाय, भिवा हाय.”

“अन् समदं ठावं असून?”

“म्या न्हाई तर कुणाला ठावं?” मावशी म्हणाली. “ठावं असूनच.”

दादा तसेच उभे राहिले. मला वाटलं, ते आता वळून वर चालायला लागतील. त्यांनी वहाणा काढल्या, काठावर नीट शेजारी शेजारी ठेवल्या. पाण्यात पाय घातला आणि होडी धरली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “अंजिरा, बस.”

“माजा कागद न्हाई, दादा.”

“बस म्हनलं ना.”

मी माझ्या जागी बसले. मावशीनं दावं सोडलं. काठ दिसेनासा झाला तेव्हा तिथं उभ्या असलेल्या एकाही माणसाचा आवाज येत नव्हता.

दादा वल्हवत होते. इतक्या वर्षांनी, पण वल्हं त्यांच्या हातात असं बसलं होतं की पाणी उडतसुद्धा नव्हतं. पोरं अंग चोरून बसली होती. चहूकडं पांढरं, वर पांढरं, खाली पांढरं. आम्ही पाण्यावर आहोत की त्या खालच्या गावात उतरलो आहोत, तेही कळत नव्हतं. मला वाटलं, आता हात घातला तर शाळेचं कौल हाताला लागेल. रूळ वाजायचा, थांबायचा. दादा नाव घेत नव्हते. कुणाचंच. भिवा मुसमुसायला लागला, मग गप्प झाला. ती शांतता वाढत चालली.

“दादा,” मी म्हणाले, “हजेरी घ्या की.”

वल्हं जरा अडखळलं.

“दादा, नाव घ्यायचं असतंय.”

ते खाकरले. आवाज निघाला तो भलत्याच माणसाचा वाटला.

“बाजा?”

“हाय.”

“हिंदूराव?”

“हाय.”

“सुली?”

“हाय, काका.”

“भिवा?”

भिवा बोलला नाही.

“भिवा?”

वल्हं थांबलं. होडीला पुढचा जोर होता तो सरला आणि ती तोंड फिरवू लागली. दादांचं तोंड मला आता दिसत होतं, कारण ते पुढं झुकले होते. तसं तोंड मी पुन्हा कधी बघितलं नाही आणि बघायची इच्छाही नाही. रुळाचा आवाज समोरून होता, तो उजवीकडं गेला. मग मागं गेला. दादा पुन्हा हाक मारत नव्हते. हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर, एवढंच त्या माणसाच्या अंगात उरलं होतं.

मी फळ्यांवरून रांगत गेले. भिवा सुलीच्या मांडीत डोकं खुपसून झोपला होता. रडून रडून पोर पेंगलं होतं. मी त्याला असा चिमटा काढला की तो किंचाळतच उठला.

“हाय म्हण,” मी म्हणाले.

“हाय!” भिवा रडत ओरडला. “हाय, हाय, हाय!”

दादांनी डोळे मिटले. त्यांच्या दाढीवरून पाणी उतरत होतं. धुक्याचं होतं की दुसरं, ते मी विचारलं नाही. त्यांनी मान वळवून रुळाचा आवाज शोधला, होडीचं तोंड फिरवलं आणि वल्हं पाण्यात घातलं. त्यानंतर ते सारखी नावं घेत राहिले. एकदा सगळी झाली की पुन्हा पहिल्यापासून. पोरांना त्याची मजा वाटायला लागली, ती खच्चून ओरडायला लागली. माझं नाव मात्र ते घेत नव्हते. काठाची झाडं दिसायला लागली तेव्हा कुठं ते अगदी हळू म्हणाले, “अंजिरा?”

“हाय, दादा.”

शाळेत साहेब खुर्चीवर बसून चहा पीत होते. गुरुजी हातोडी घेऊन दारात उभे. होडीत वल्हं कुणाच्या हातात आहे ते त्यांनी बघितलं आणि हातोडी खाली ठेवायची विसरले. दादांनी आम्हाला एकेकाला उचलून काठावर ठेवलं, मग ओल्या पायांनी उंबऱ्यापर्यंत आले आणि बाहेरच थांबले.

“कागद द्या,” ते म्हणाले.

गुरुजींनी माझा कागद आणि शाईची डबी आणली. वाडीच्या त्या अंगठ्यांच्या गर्दीत एक मोकळी जागा होती, तिथं दादांनी अंगठा उठवला. दाबून, बराच वेळ.

“आता बाकीच्या पोरांचं द्या.”

“अहो भाऊ, त्यांच्या आईबापांचे झालेत. तुमचा कशाला?”

“आज पाळी माजी हाय,” दादा म्हणाले.

गुरुजींनी साहेबांकडं बघितलं. साहेब बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. गुरुजी आत गेले आणि बाकीचे कागद घेऊन आले.

त्यानंतर आमच्या घरची पाळी आमचीच झाली. मी शिकले, बाहेर पडले, पुढं साताऱ्यात नोकरीला लागले. उंबरमाळला पूल झाला, होडी काठावर पालथी पडली. दादांना म्हातारपणी मी माझ्याकडं आणलं. ते शेवटचे आजारी पडले तेव्हा दवाखान्यातल्या बाईनं विचारलं, “पेशंटची जबाबदारी कुणाची?” मी म्हटलं, “माझी,” आणि तिनं दाखवलं तिथं सही केली. माझा हात जरासुद्धा थांबला नाही. थांबू नये यासाठीच तर शिकवलं होतं त्यांनी.

दुपारची वेळ होती. खिडकीचा पांढरा पडदा उन्हानं भरून आला होता आणि खोलीत सगळं पांढरंच दिसत होतं. दादांचे डोळे मिटलेले होते. पांघरुणावर त्यांचा हात हळूहळू पुढं-मागं होत होता.

“बाजा?” ते म्हणाले.

बाजा मुंबईला होता. मी म्हणाले, “हाय.”

“हिंदूराव?”

“हाय.”

“सुली?”

“हाय.”

“भिवा?”

मी लगेच म्हणाले, “हाय.” भिवाच्या नावाला वेळ लावायचा नसतो.

“अंजिरा?”

“हाय, दादा.”

हात चालत राहिला. मला वाटलं, आता पुन्हा बाजापासून सुरू करतील. तेवढ्यात त्यांचे ओठ हलले. आवाज होता की नुसता श्वास, कोण जाणे, पण मला ऐकू आलं.

“गोदे?”

हात पांघरुणावर थांबला.

“हाय,” मी म्हणाले.

आणि त्यांचा हात पुन्हा वल्हवू लागला.